शेकाट्या पक्षी, मिठागरें व आपले बांध

भाईंदर, राई, मुर्धे, मोर्वे या बाजूच्या खाजणांतून जे शेतकरी पहांटे बांधावरून जातात, त्यांनीं शेकाट्या पाहिला नाहीं असें होणें शक्य नाहीं. मात्र पाहणें निराळें व ओळखणें निराळें. या पक्ष्यास कोणी टिटवी म्हणतो, कोणी बगळा म्हणतो, व पुष्कळ लोक ‘खाजणांतलीं पांखरें’ एवढेंच म्हणून पुढें जातात. वास्तविक तो टिटवीही नव्हे आणि बगळाही नव्हे. त्याची राहणी नीट समजून घेतली तर शेतकऱ्यास आपल्या बांधाविषयीं व आपल्या पाण्याविषयीं दोन-चार उपयोगाच्या गोष्टी कळतात. म्हणून हा लेख लिहीत आहें.

हा विषय सुचण्याचें कारणही वाचकांपुढें ठेवणें अवश्य आहे. मी महसूल खात्यांत कारकून होतों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका गांवीं बांधास खांड पडून खारें पाणी भाताच्या जमिनींत शिरलें, व त्याच्या पंचनाम्यास मला जावें लागलें. पंचांनीं सांगितलें कीं, लांब पायांचीं पांखरें रात्रंदिवस बांधापाशीं उभीं असतात, तीं चोंचीनें माती उकरतात, त्यामुळें बांध पोकळ होऊन फुटला. मीं तें शब्दशः उतरवून घेतलें, कारणाच्या रकान्यांत ‘पक्षी’ असें लिहिलें आणि खालीं सह्या व आंगठे घेतले. पुढें त्याच गांवच्या कांहीं मुलांनीं त्या बांधावरचीं अंडीं वेंचवेंचून फोडलीं, असें माझ्या कानांवर आलें. त्या वेळीं मला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. सेवानिवृत्तीनंतर रोज सकाळीं खाजणाकडे फिरावयास जाण्याचा परिपाठ ठेवला आणि त्याच पक्ष्यांस जवळून पाहण्याचा योग आला. तेव्हां मीं लिहिलेला मजकूर निखालस चुकीचा होता, अशी माझी खात्री झाली. पंच खोटें बोलले नव्हते. त्यांना तसें वाटत होतें. पण मीं तें न तपासतां लिहिलें, हा दोष माझा.

ओळख

शेकाट्याचें शास्त्रीय नांव हिमांटोपस हिमांटोपस असें आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ सालीं त्याची नोंद केली. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘चामड्याच्या वादीसारखे पाय असलेला’ असा होतो. पायांवरूनच नांव पडावें हें योग्यच आहे. कारण शरीराच्या मानानें इतके लांब पाय फारच थोड्या पक्ष्यांना असतात. चोंचीच्या टोंकापासून शेपटीच्या टोंकापर्यंत त्याची लांबी ३५ ते ४० सेंटिमीटर भरते. वजन मात्र पावणेदोनशें ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कबुतराहूनही कमी. पाय गुलाबी-तांबडे असतात. चोंच काळी, सरळ व दाभणासारखी बारीक असते. पोट, छाती व मानेची पुढची बाजू शुभ्र पांढरी असते. नराची पाठ व पंख काळे चकचकीत असतात, मादीच्या पाठीवर तपकिरी झांक असते. डोकें व मानेची मागची बाजू कोणाची काळसर, कोणाची पांढरी, अशी पक्ष्यागणिक निरनिराळी असते. पिलांची पाठ मातकट असून पिसांच्या कडा फिकट असतात.

टिटवीशीं त्याचा घोटाळा होण्याचें कारण एकच, कीं दोघेही माणूस पाहतांच ओरडतात. परंतु टिटवीचे पाय पिवळे, तिच्या डोळ्यापुढें तांबडी कातडी, व तिचें राहणें बहुधा कोरड्या किंवा ओलसर माळावर असतें. बगळा उडतांना मान आंत वळवून घेतो. शेकाट्या मान पुढें ताणून उडतो आणि त्याचे पाय शेपटीच्या पाठीमागें दोन तांबड्या काड्यांसारखे लांबवर दिसतात. त्याची हांक ‘किक्‌ किक्‌ किक्‌’ अशी तीक्ष्ण व एकसारखी असते. त्याच्या पायास मागचें बोट नाहीं, म्हणून तो झाडावर बसत नाहीं. झाडावर बसलेला लांब पायांचा पांढरा पक्षी दिसला तर तो शेकाट्या नव्हे, हें पक्कें समजावें.

राहण्याची जागा

हा पक्षी दक्षिण युरोप, आफ्रिका व आशिया यांच्या फार मोठ्या भागांत आढळतो. पाणी गोडें असो, मचूळ असो वा खारें असो, त्यास चालतें. गांवचें तळें, नदीचें पात्र, भाताचीं शेतें, मिठागरें, इतकेंच काय पण शहराच्या सांडपाण्याचीं डबकींसुद्धां त्यास वर्ज्य नाहींत. इंग्लंडांत हा पक्षी क्वचितच घरटें करतो. तरी १९४५ सालीं नॉटिंगहॅमजवळ सांडपाण्यावरील शेतांत त्यानें वीण केल्याची नोंद आहे. इटली देशांत पो नदीच्या खोऱ्यांत जीं भाताचीं शेतें आहेत, त्यांतही तो घरटीं करतो. त्याची अट एकच असते: पाणी उथळ पाहिजे. चार बोटांपासून वीतभर खोलीचें पाणी त्यास मानवतें. त्याहून खोल झालें कीं पाय पुरत नाहींत, व अगदीं आटलें कीं खाद्य मरतें.

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस घोडबंदरच्या बाजूचे डोंगर, आणि मध्यें सपाट, सखल खाजण, अशी मीरा-भाईंदरची रचना आहे. भरतीच्या वेळीं जी जमीन पाण्याखालीं जावयाची, तिच्याभोंवतीं बांध घालून आपल्या पूर्वजांनीं कांहीं भागांत भात पिकविलें व कांहीं भागांत मीठ पिकविलें. जुन्या महसुली दप्तरांत अशा बांध घालून काढलेल्या जमिनीस ‘शिलोत्री’ म्हणत, व बांध राखण्याबद्दल कुळांकडून निराळा आकार घेत. यावरून बांध राखणें हें त्या काळींही शेतीइतकेंच मोठें काम होतें, हें दिसून येतें. भाताचें शेत व मिठागर हीं दोन्हीं उथळ पाण्याचीं स्थळें. म्हणून शेकाट्याला आपण नकळत घर बांधून दिलें असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. पावसाळ्यांत तो भाताच्या वाफ्यांकडे वळतो, व शेतें वाळलीं कीं मिठागरांकडे जातो. हिंवाळ्यांत बाहेरून आलेल्या थव्यांची त्यांत भर पडते व संख्या पुष्कळ वाढते.

मिठागरांतही तो सर्वत्र चरत नाहीं, आणि यांतील कारण समजण्यासारखें आहे. उधाणाच्या भरतीस उघाडींतून समुद्राचें पाणी पहिल्यानें मोठ्या कप्प्यांत घेतात. समुद्राच्या शंभर भाग पाण्यांत सुमारें साडेतीन भाग क्षार असतात. तें पाणी उन्हानें तापवीत एका कप्प्यांतून दुसऱ्यांत सोडतात, व प्रत्येक कप्प्यांत तें अधिकाधिक खारट होत जातें. खारटपणा मोजण्याचें बोमे नांवाचें माप आहे. समुद्राचें पाणी त्या मापानें तीन ते साडेतीन अंश भरतें, आणि २५ अंशांवर गेल्यावर खाण्याचें मीठ खालीं बसूं लागतें. पहिल्या कप्प्यांत लहान मासे, कोळंबीचीं पिलें, चिखलांतील किडे असें सर्व कांहीं असतें. मधल्या कप्प्यांत मासे जगत नाहींत, म्हणून त्यांच्या तोंडून वांचलेल्या खाऱ्या माशीच्या अळ्या व अगदीं बारीक खारकोळंबी तेथें वाढूं शकतात. शेवटच्या कप्प्यांत, जेथें मीठ जमतें, तेथें खाण्याजोगें कांहींच उरत नाहीं. शेकाट्या पहिल्या व मधल्या कप्प्यांतच चरतांना दिसतो, तो यामुळें. म्हणजे ज्यास आपण मोकाट पांखरूं समजतों, तें पाण्याची खोली व खारटपणा हीं दोन्हीं पाहूनच पाऊल टाकतें.

चरण्याची रीत

शेकाट्याचें मुख्य अन्न म्हणजे पाण्यांतील किडे, त्यांच्या अळ्या, लहान गोगलगाई, बारीक कोळंबी, बेडकांचीं पिलें व क्वचित्‌ लहान मासे. थोडेंफार वनस्पतींचें बींही त्याच्या पोटांत जातें. तो पाण्यांतून सावकाश चालत जातो व वरच्यावर किंवा पाण्यांत तरंगणारें भक्ष्य टोंकानें टिपतो. वेळप्रसंगीं डोकें व मान पाण्यांत बुडवितो. कोरड्या जमिनीवरचें कांहीं उचलावयाचें झालें तर लांब पायांमुळें त्यास फार वांकावें लागतें, व तें करतांना त्याची तारांबळ पाहण्यासारखी असते. रात्रींही तो चरतो. चिखलांत खोलवर चोंच खुपसणारे पक्षी निराळे असतात; त्यांची चोंच लांब व बळकट असते. शेकाट्याची चोंच मऊ चिखलाच्या वरच्या थरापुरती आहे. त्या चोंचीनें चोपलेला बांध उकरणें म्हणजे दाभणानें विहीर खणण्यासारखें आहे.

मग पंचांनीं पाहिलें तें काय? या प्रश्नाचा उलगडा मला एका वृद्ध आगरी शेतकऱ्यानें केला. त्यांचें सबंध आयुष्य मिठागरांत व भाताच्या शेतांत गेलें आहे. एके दिवशीं बांधाच्या आंतल्या बाजूस पांच-सहा शेकाटे एकाच ठिकाणीं चरत होते. मीं विचारलें, “बाबा, हीं पांखरें इतकी सारी जागा सोडून नेमकीं येथेंच कां जमतात?” ते म्हणाले, “भाऊसाहेब, पांखरूं बांध फोडीत नाय. बांध फुटाया आला, ह्यें पांखरूं सांगतं. खालीं वाकून बघा.” मीं वांकून पाहिलें. बांधाच्या पायथ्याशीं चिंबोऱ्यांचीं भोंकें होतीं, त्यांतून भरतीचें पाणी पाझरत होतें, व तेवढ्याच जागीं वीतभर चिखल-पाणी सांचून त्यांत किडे वळवळत होते. शेकाटे त्या किड्यांसाठीं आले होते. आधीं भोंक, मग पाझर, मग पाणी, मग किडे, व सर्वांच्या शेवटीं पक्षी, असा हा क्रम आहे. मीं वीस वर्षांपूर्वीं शेवटच्यासच पहिला ठरविलें होतें.

यावरून शेतकऱ्यानें एक खूण ध्यानांत ठेवावी. पाऊस संपून दोन महिने झाले, आजूबाजूचीं शेतें वाळलीं, आणि तरीही बांधाच्या आंतल्या अंगास एका ठराविक जागीं शेकाटे रोज दिसूं लागले, तर तेथें पाणी कोठून आलें हें त्याच दिवशीं पाहावें. उधाणाच्या भरतीस, म्हणजे अमावास्या व पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, तेथें जाऊन उभें राहावें. पाणी वाढत असेल व चवीस खारें लागत असेल तर बांध झिरपत आहे असें समजावें. भोंक बोटभर असतां घमेलेंभर चिकणमाती पुरते. खांड पडल्यावर गाड्याच्या गाड्या माती पुरत नाहीं, आणि खाऱ्या पाण्यानें एकदां शेत भरलें कीं तो खार पावसानें धुऊन निघेपर्यंत जमीन नीट पिकत नाहीं. राता भातासारखें खार सोसणारें जुनें वाण, किंवा पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें काढलेलीं पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हीं वाणें कांहीं मर्यादेपर्यंत खार सहन करतात. परंतु उघड्या खांडीपुढें कोणतेंच वाण टिकत नाहीं.

पक्षपातानें लिहितों असें वाटूं नये म्हणून दुसरी बाजूही सांगतों. खारजमिनींत कित्येक ठिकाणीं रोप न लावतां मोड आणलेलें बीं, म्हणजे रहू, चिखलावर फेंकण्याची चाल आहे. अशा वाफ्यांत पहिल्या चार-सहा दिवसांत पक्ष्यांचा थवा फिरला तर कांहीं बीं पायांखालीं दाबलें जाणें शक्य आहे. तेवढ्या दिवसांपुरतें वाफ्यावर दोऱ्या ताणून त्यांस कागद किंवा चिंध्या बांधाव्या, किंवा घरच्या मुलांस राखणीस बसवावें. रोपानें मूळ धरल्यावर राखणीची गरज राहत नाहीं; कारण पाल्यासाठीं शेकाट्या शेतांत येत नाहीं, तो पाण्यांतल्या किड्यांसाठीं येतो.

वीण व घरटें

आपल्या देशांत शेकाट्याची वीण मुख्यतः एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत होते. अनेक जोडपीं जवळजवळ घरटीं करतात. घरटें म्हणजे पाण्याच्या कांठीं, बांधावर किंवा पाण्यांतल्या चिखलाच्या उंचवट्यावर केलेला एक उथळ खळगा. त्यांत खडे, काड्या, शेवाळ किंवा सुकलेला चिखल यांचा थर असतो. पाणी चढूं लागलें तर नर-मादी घरट्याखालीं काड्या व चिखल यांची भर घालून तें उंच करतात. अंडीं बहुधा चार असतात. रंग मातकट व त्यांवर काळे डाग, त्यामुळें दोन हातांवरूनही तीं मातींत दिसून येत नाहींत. नर व मादी दोघेही आळीपाळीनें उबवितात. पिलें बाहेर पडण्यास २२ ते २६ दिवस लागतात. वैशाखाच्या उन्हांत उबविण्यापेक्षां अंडीं थंड ठेवण्याचेंच काम मोठें असतें. म्हणून हे पक्षी पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येतात व ओल्या पोटानें अंड्यांवर बसतात. जवळ पाणी नसेल तर हें साधत नाहीं, म्हणूनही पाण्याच्या कांठींच घरटें करावें लागतें.

पिलें जन्मल्यापासून कांहीं तासांतच चालूं लागतात व आपलें अन्न आपणच टिपतात. मात्र उडावयास त्यांना सुमारें महिना लागतो. या काळांत कावळे, घारी, मुंगूस, साप व सर्वांत अधिक म्हणजे मोकाट कुत्रीं यांच्यापासून त्यांना भय असतें. शत्रू आला कीं सर्व पक्षी डोक्यावर घिरट्या घालून गलका करतात. एखादा पक्षी पंख मोडल्याचें सोंग करून लंगडत, फडफडत दूर जातो, म्हणजे शत्रूनें अंड्यांकडे न जातां त्याच्या पाठीमागें लागावें. पुष्कळदां बांधावर असें ‘जखमी’ पांखरूं दिसतें व मुलें त्यास धरावयास धांवतात. अशा वेळीं जेथें आहों तेथेंच थांबावें, पायांखालीं पाहावें व आल्या वाटेनें परत फिरावें. कारण घरटें जवळच असतें.

बांधाच्या दुरुस्तीची वेळ

आतां या लेखांतील मुख्य मुद्द्याकडे येतों. गतवर्षीं एका पडीक मिठागराच्या कडेच्या बांधावर शेकाट्यांचीं सात घरटीं मीं मोजलीं होतीं. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत बांधाच्या दुरुस्तीसाठीं माती उकरणारें यंत्र आलें. बाजूच्या खळग्यांतला ओला चिखल उचलून तो बांधाच्या माथ्यावर टाकण्यांत आला. दोन दिवसांत काम उरकलें व सातही घरटीं त्या चिखलाखालीं गेलीं. पक्षी चार दिवस त्या जागेवर ओरडत फिरले व मग दिसेनासे झाले. हें काम कोणाचें होतें हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण हीच चूक आपण बहुतेक सर्व जण दर वर्षीं करतों. सांगण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. जूनमध्यें पाऊस सुरू झाला, त्या महिन्याच्या उधाणाची भरती आली, आणि तो ओला चिखल अर्ध्याहून अधिक वाहून गेला. पक्ष्यांचीं अंडीं गेलीं, पैसाही गेला व बांध होता तसाच राहिला.

याचें कारण उघड आहे. खाजणांतील चिकणमाती ओली असतां घातली तर ती वाळतांना आकसते व तिला भेगा पडतात. त्या भेगा बुजवून, माती पुन्हां पाण्यानें किंचित्‌ ओली करून, थरावर थर चोपावी लागते. एक थर नीट बसावयास कित्येक दिवस जातात. मे अखेरीस घातलेल्या मातीस हा अवकाश मिळत नाहीं. पावसाळ्यांत भरतीचें पाणी, वाऱ्यानें उठलेल्या लाटा व वरून पडणारा पाऊस, असे तिन्ही मारे एकदम बसतात, व कच्चा थर पहिल्यानें सुटतो. म्हणून दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणें असावा, असें अनुभवी शेतकऱ्यांशीं बोलून माझें मत झालें आहे. भात कापून झालें कीं नोव्हेंबरांत सबंध बांध पायीं फिरून पाहावा व भोंकांवर खुणेच्या काठ्या रोवाव्या. डिसेंबर व जानेवारींत भोंकें मुळापर्यंत उकरून, चिकणमाती थराथरानें चोपून भरावीं. वरवर लिंपण करूं नये. फेब्रुवारींत माथ्याची उंची सारखी करावी व जेथें लाटांचा मारा आहे तेथें बाहेरच्या अंगास दगड बसवावे. मार्चमध्यें पडलेल्या भेगा बुजवून काम संपवावें. उघाडीच्या झडपांची तपासणीही याच वेळीं व्हावी. असें केल्यास एप्रिल व मे हे दोन कडक उन्हाचे महिने बांध पक्का होण्यास मिळतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत शेकाट्यास बांध मोकळा मिळतो. शेतकऱ्याच्या हिताचा काळ व पक्ष्याच्या हिताचा काळ येथें एकच आहे, ही मोठी सोयीची गोष्ट होय.

बांधाच्या बाहेरच्या अंगास तिवरांची झाडें असतील तर तीं कधींही तोडूं नयेत. लाटेचा जोर तींच प्रथम घेतात. त्यांस कायद्याचेंही संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालच्या निकालानें राज्यांतील तिवरांची तोड व त्यांवर भराव टाकणें यांस मनाई केली आहे. खारजमिनीच्या बांधांसंबंधीं १९४८ सालीं मुंबई सरकारनें कायदा केला, व त्याच्या जागीं पुढें १९७९ सालचा महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. कायदे आहेत, पण बांधावर फेरी मारणें हें कायद्याचें काम नसून जमीनवाल्याचें आहे.

भराव व पाणी

आपल्या बाजूस १९८५ सालीं नगरपरिषद झाली व २००२ सालीं महानगरपालिका झाली. रेल्वेच्या दोन्ही अंगांस जेथें पूर्वीं शेतें व मिठागरें होतीं, तेथें पुष्कळ ठिकाणीं आज इमारती उभ्या आहेत. घरें पाहिजेत, याविषयीं वाद नाहीं. परंतु पडीक मिठागर म्हणजे निरुपयोगी जमीन, ही समजूत शेतकऱ्यानें तरी बाळगूं नये. अतिवृष्टीच्या दिवशीं भरती असेल तर पाणी समुद्रांत जात नाहीं. ओहोटी लागेपर्यंत तें कोठेंतरी थांबावें लागतें. सखल मिठागरें व खाजणें हीच त्याची थांबण्याची जागा होय. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हें आपणांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. मिठागरावर राडारोड्याचा भराव पडला तर तेथें मावणारें पाणी नाहींसें होत नाहीं. तें शेजारच्या सखल जागेंत शिरतें, व ती शेजारची सखल जागा म्हणजे बहुधा आपलें भाताचें शेत. म्हणून जेथें काल शेकाटे होते व आज राडारोडा आहे, तेथें उद्यां पाणी कोणाकडे येणार याचा हिशेब शेजाऱ्यानें आधींच करावा व वेळीं लेखी हरकत द्यावी. मुदत टळल्यावर आलेल्या अर्जाचें काय होतें, तें मीं कचेरींत बसून पुष्कळ पाहिलें आहे.

ठाण्याच्या खाडींत रोहित पक्ष्यांसाठीं २०१५ सालीं अभयारण्य झालें, व २०२२ सालीं त्यास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान मिळाला. ही आनंदाची गोष्ट आहे. शेकाट्या जगांत दुर्मिळ झालेला नाहीं, व त्याच्यासाठीं कोणी निराळें अभयारण्य करील असेंही नाहीं. त्याचें अभयारण्य म्हणजे आपला बांध, आपला वाफा व शेजारचें मिठागर. रानांतील पक्ष्यांचीं अंडीं उचलणें किंवा फोडणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, हें मुलांना सांगून ठेवावें; पण नुसतें भय घालण्यापेक्षां त्यांना बांधावर नेऊन भोंक कोठें, पाझर कोठें व पक्षी कोठें हें दाखविलें तर तें अधिक काळ स्मरणांत राहील. दर वर्षीं जानेवारी महिन्यांत आशिया खंडांत पाणपक्ष्यांची गणना होते; ती १९८७ पासून चालू आहे. आपल्या गांवच्या शाळेनें त्या सुमारास एक दिवस बांधावर घालवून शेकाट्यांची मोजणी केली, व शेतकऱ्यांनीं त्याच दिवशीं बांधांवरील भोंकांची मोजणी केली, तर दोन्ही कामें एकाच फेरींत होतील.

सरकारी दप्तरांत गेलेला कागद आतां माझ्या हातीं नाहीं, म्हणून त्याची दुरुस्ती येथें करतों. त्या पंचनाम्यांतील कारणाच्या रकान्यांत ‘पक्षी’ या शब्दाऐवजीं ‘चिंबोऱ्यांचीं भोंकें व वेळेवर न झालेली दुरुस्ती’ असें वाचावें.